दंडातला वाटा

"चारला पाहुणे येतील, आणि तुम्ही आजच कोर्टात जाई राहिनात?" उषाबाईंनी कांदा चिरता चिरता विचारलं. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं की कोर्टाचं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"मी काय हौसनं जास का?" भटूभाऊ म्हणाले. "तारीख कोर्टानं दिली, मी नही. हा गेलो, दंड भरला, आणि दुपारच्या जेवणाला घरी."

असं म्हणून घराबाहेर पडलेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी आल्याचं सुरतेच्या नवागामात तरी कोणाला आठवत नाही. पण भटूभाऊ महाजन लूमच्या कारखान्यात मास्तर. धागा तुटला तर जोडायचा आणि यंत्र पुन्हा चालू करायचं, एवढंच त्यांना माहीत. कोर्टाचंही तसंच असेल असं त्यांनी धरलं होतं.

प्रकरण होतं पाच महिन्यांपूर्वीचं. कडोदऱ्याच्या चौकात त्यांच्या मोपेडची धडक एका म्हाताऱ्याच्या स्कूटरला बसली आणि म्हाताऱ्याच्या डाव्या पायाचं हाड मोडलं. पोलिसांनी विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?" भटूभाऊंनी क्षणभरही वेळ न लावता सांगितलं, "मी." खरं तर ते मागे बसले होते. गाडी चालवत होती त्यांची लेक नूतन, आणि तेव्हा तिच्याकडे लायसन्स नव्हतं. म्हाताऱ्याचा चष्मा पडलेला, नूतनचं तोंड ओढणीत गुंडाळलेलं, त्यामुळे हे निभावून गेलं.

ते खोटं अजून टिकवण्याचं कारण आज चारला दारात येणार होतं. नूतनसाठी कडोदऱ्याचं स्थळ आलं होतं. मुलगा वैभव, सचिन गावच्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर, निर्व्यसनी, आणि नूतनला मनापासून आवडलेला. मुलाची आई येऊन बघून गेली होती. आता फक्त वडलांचा होकार हवा होता. आणि हे वडील, धुडकूअण्णा, म्हणजे भलतंच तत्त्वाचं प्रकरण. स्थळ आणणारे बन्सीलालमामा सांगत, "अण्णा मुलीच्या बापाकडून एक रुपया घेत नाहीत. पण घराण्यावर डाग चालत नाही. कोर्टकचेरी तर अजिबात नाही."

म्हणून कोर्टाची गोष्ट उषाबाई, नूतन आणि भटूभाऊ या तिघांच्या पोटात होती.

कोर्टात पुकारा झाला. भटूभाऊ हात जोडून उभे राहिले. समोर लंगडत लंगडत म्हातारा आला. नाव पुकारलं होतं दयाराम चौधरी. सुरतेत 'चौधरी' अशी हाक मारली तर निम्मी बस मागे वळून बघते, तेव्हा त्या नावावरून भटूभाऊंना काही सुचायचं कारण नव्हतं.

"गुन्हा कबूल आहे?" मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं.

"कबूल, मॅडमसाहेब. शंभर टक्के कबूल. मीच चालवत होतो."

"खोटं!" म्हातारा ओरडला. "मी रस्त्याच्या कडेला उभा होतो साहेब, गुपचूप. गाडी ह्यानं नाही, एका पोरीनं ठोकली! तोंड बांधलेल्या!"

भटूभाऊ मनात म्हणाले, हा माणूस उभा कुठला? राँग साइडनं सुसाट येत होता, वर कानाला मोबाइल. पण हे बोलावं तर त्या दिवसाचा सगळा हिशेब पुन्हा निघणार आणि त्यात नूतन निघणार.

"तुमचा चष्मा तर पडला होता ना?" बाईंनी म्हाताऱ्याला विचारलं. "मग मुलगी कशी दिसली?"

"ओढणी गुलाबी होती साहेब. गुलाबी रंगाला चष्मा लागत नाही."

"ती मी बांधली होती," भटूभाऊ म्हणाले. "धुळीचा त्रास आहे मला. बायकोची घेतली होती."

कोर्टात हशा पिकला. बाईंनी टेबलावर पेन आपटलं आणि ओठ घट्ट मिटून काहीतरी लिहायला घेतलं. मग त्या म्हणाल्या, "गुन्हा कबूल केला म्हणून थोडा कमी, पाय मोडला म्हणून थोडा जास्त. एकूण दंड अडीच हजार. त्यातले दीड हजार जखमीला भरपाई. उरलेले हजार सरकारजमा. नाही भरले तर सात दिवस साधी कैद."

इथं भटूभाऊंनी पैसे भरून निघायचं. कोणताही शहाणा माणूस निघाला असता. पण भटूभाऊ गल्लीच्या मंडळाचे खजिनदार! गल्लीत कोणी पिऊन गोंधळ घातला, कोणी नळाला चोरून मोटर लावली, की मंडळ दंड करी. त्या दंडाची रविवारी शेवभाजी होई, आणि दंड भरणारा पहिल्या पंगतीला बसे. पैसा गेला कुठं हे विचारायचा हक्क दंड भरणाऱ्याचाच, असा मंडळाचा कायदा.

"मॅडमसाहेब," भटूभाऊ म्हणाले, "ह्यांचा पाय मोडला, ह्यांना दीड हजार, समजलं. सरकारचं काय मोडलं?"

"काय?"

"नाही, हजार रुपये घेतंय म्हणून विचारलं. त्याचं पुढं काय करतात?"

"ते तिजोरीत जातात. तिथून सरकार ठरवतं."

"म्हणजे खर्च कशावर झाला ते मला कळणार नाही?"

आता म्हाताऱ्यालाही कंठ फुटला. "साहेब, हा माणूस लबाड आहे, पण हे बरोबर बोलला. पडलो मी, प्लास्टर मला, मग सरकारचा वाटा कशाला? ते हजारबी मला द्या. दीड हजारात तर एक्सरेसुद्धा निघत नाही!"

"दीड हजार भरपूर झाले!" भटूभाऊ उसळले. "एवढं काही मोडलं नव्हतं. चालतात की!"

"मी लंगडतो!"

"तेवढं लंगडणं वयानंबी येतं!"

"पाच हजाराच्या खाली मी ऐकणार नाही!"

"मी बाराशेच्या वर जाणार नाही!"

बाजूचा कारकून कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, आ कोर्ट छे, शाकमार्केट नथी! भाजीबाजार समजलात का?"

बाईंनी दोघांनाही बाकावर बसवलं आणि पुढची केस घेतली. "डोकी थंड झाली की या," असं त्या म्हणाल्या, आणि मग विसरल्या. एकाच बाकाच्या दोन टोकांना दोघं तोंडं फिरवून बसले. उषाबाईंचे फोनवर फोन येत होते आणि भटूभाऊंना ते उचलायची सोय नव्हती. म्हाताराही सारखा घड्याळ बघत होता. शेवटी दोघांना एकदमच घाई झाली आणि दोघंही एकदमच उठून म्हणाले, "जे लिहिलंय ते मान्य!" भटूभाऊंनी अडीच हजार मोजून भरले. म्हाताऱ्यानं विचारलं, "माझे द्या." तर कारकून म्हणाला, "आज नाही. अपिलाची मुदत संपू द्या, मग अर्ज करा." म्हातारा तणतणत रिक्षात बसला. भटूभाऊंनी मोपेडला किक मारली आणि त्याला मनातल्या मनात अहिराणीत चार शिव्या हासडल्या.

घरी पोचले तेव्हा पोहे तयार, चादर बदललेली आणि उषाबाई तापलेल्या. "काय झालं?"

"अडीच हजार गेले. त्यातले दीड हजार त्या थेरड्याला. नूतनचं नाव कुठंबी नही. जाऊ दे आते, मिटलं."

शर्ट बदलून होतो न होतो तोच दारात बन्सीलालमामांचा आवाज आला. "या अण्णा, उंबरा सांभाळा, पाय सांभाळा."

भटूभाऊ हसतमुखानं पुढे झाले, आणि त्यांचं हसू तिथल्या तिथं गोठलं. बन्सीलालमामांचा हात धरून, लंगडत, आत येत होते ते दयाराम चौधरी.

अण्णांनीही त्यांना पाहिलं. तोंड उघडलं. मग बन्सीलालमामा अभिमानानं म्हणाले, "हे आमचे धुडकूअण्णा. दयाराम हे फक्त कागदावर. मुलीच्या बापाकडून एक रुपया न घेणारे!" आणि अण्णांनी उघडलेलं तोंड मिटलं.

"नमस्कार," अण्णा छताकडे बघत म्हणाले. "पहिल्यांदाच भेटतोय आपण."

"अगदी पहिल्यांदाच," भटूभाऊ म्हणाले. "बसा, बसा."

दोघंही एकमेकांचे उपकार मानत बसले. वैभव एका कोपऱ्यात नवा शर्ट सावरत होता. हे असंच अर्धा तास निभावलं असतं तर सोन्याहून पिवळं. पण अण्णांच्या पत्नी शांताबाई मोकळ्या स्वभावाच्या.

"उशीर झाला हो ताई," त्या उषाबाईंना म्हणाल्या. "ह्यांना कोर्टात जावं लागलं. ज्या मेल्यानं ह्यांचा पाय मोडला ना, त्याची केस होती."

"व माय! असली माणसं!" पाहुण्यांच्या मताला मत देणं हा उषाबाईंचा शिरस्ता. "डोळे फुटले होते का त्याचे?"

"फुटलेच असतील! वर कोर्टात घासाघीस करत होता म्हणे."

"बेशरम! असल्याला तर भर चौकात उभं करावं, नही का हो?"

"हो," भटूभाऊ म्हणाले. आणि ते बशीतल्या पोह्यांत शेंगदाणे शोधू लागले.

"पण भरपाई मिळणार," शांताबाई म्हणाल्या. "दीड हजार."

"अडीच हजारातले दीड हजार का?" उषाबाईंनी सहज विचारलं.

शांताबाईंनी बशी खाली ठेवली.

"तुम्हाला कसं ठाऊक?" शांताबाईंनी विचारलं.

उषाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग अण्णांच्या पायाकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून त्या मटकन खालीच बसल्या.

पहिले सावरले बन्सीलालमामा. लग्न मोडलं तर दोन्हीकडचे लोक त्यांना सोडणार नव्हते. "अण्णा," ते चाचरत म्हणाले, "म्हणजे तुम्ही मुलीच्या बापाकडून पैसे घेतले?"

"मी कुठं घेतले?" अण्णा भडकले. "कोर्टानं दिले!"

"आणि मी दिलेच नाहीत," भटूभाऊ घाईघाईनं म्हणाले. "कोर्टानं घेतले!"

"झालं तर मग!" बन्सीलालमामांनी टाळी वाजवली. "देणंघेणं झालंच नाही! चहा आणा!"

पण अण्णा उठले होते. "चहा नको. कोर्टात उभं राहून थापा मारणाऱ्या माणसाची मुलगी मला नको. म्हणे बायकोची ओढणी बांधली!"

"माझी?" उषाबाई खालूनच म्हणाल्या. "मी जन्मात ओढणी घेतली नाही. मी साडी नेसते."

भटूभाऊंनी डोळे मिटले. पाच महिने जपलेली गोष्ट बायकोनं एका वाक्यात उधळली होती.

"मग कोणाची ती ओढणी?" अण्णांनी आवाज चढवला. "गाडी कोण चालवत होतं?"

"मी," दारातून आवाज आला.

नूतन चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मान ताठ होती. वैभव अर्धा उठला आणि तसाच राहिला.

"मीच होते काका. लायसन्स नव्हतं, ही माझी चूक. पप्पांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं. तुम्हाला लागलं ते पाहून मला आठवडाभर झोप लागली नाही. माफी मागते." तिनं ट्रे खाली ठेवला. "स्थळ मोडायचं तर मोडा. पण खरं सांगायचं तर सगळंच सांगते. तुम्ही उभे नव्हता. तुम्ही राँग साइडनं येत होता, आणि फोनवर बोलत होता."

"खोटं!" अण्णा गरजले. "मी उभा होतो!"

"थांबा," शांताबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज मोठा नव्हता, तरी अण्णा थांबले.

"फोनवर मीच होते," शांताबाई म्हणाल्या. "मी दोनदा विचारलं, गाडी चालवताय का? तुम्ही म्हणालात, नाही, झाडाखाली उभा आहे. आणि मग धाडकन आवाज आला. मला वाटलं झाडच पडलं! पाच महिने मी त्या मेल्याला शिव्याशाप देतेय, चपात्या लाटताना, देवापुढं, सगळीकडं, आणि तुम्ही राँग साइडनं गेला होता?"

"अगं, थोडंसंच राँग..." अण्णांचा आवाज एकदम घरगुती झाला.

"लग्न झाल्यापासून हेच. प्यायलो नाही म्हणजे थोडीशीच प्यायलो. उभा आहे म्हणजे पळतोय. एक माणूस नाही भेटलं मला, ह्यांना तोंडावर खोटं पाडणारं." शांताबाई उठल्या आणि त्यांनी नूतनला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. "बन्सीलालभाऊ, मुलगी पसंत आहे. तारीख काढा."

"पण अण्णांचं मत..." मामा पुटपुटले.

"अण्णांचं मत झाडाखाली उभं आहे. ते येईल मागून."

वैभव पहिल्यांदाच हसला, आणि वडलांकडे लक्ष जाताच त्यानं ते हसू पोह्यांत लपवलं. भटूभाऊंच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. अण्णा आपल्या पायाकडे बघत बसले होते. आता त्यांच्या त्या पायाची कोणालाच कीव येत नव्हती.

"आणि एक सांगा बन्सीलालभाऊ," शांताबाई म्हणाल्या. "ही कोर्टाची भरपाई कायद्यानं मिळते कुणाला?"

"ज्याला त्रास झाला त्याला."

"मग तो अर्ज माझ्या नावानं करा," शांताबाई म्हणाल्या, आणि नूतननं दिलेला पहिला कप त्यांनी घेतला.