उजव्या पट्टीवरची काजं

मस्तगडच्या भुजंग शिंप्याने मुंबईहून आलेला नमुन्याचा शर्ट दोनदा उलटून पाहिला. "चुकलं की हे! काजं उजव्या पट्टीवर!"

साल चौऱ्याहत्तर. मुंबईची एक कंपनी जर्मनीला कपडे पाठवायची आणि त्यासाठी गावोगावचे कारागीर शोधायची. नमुन्याबरहुकूम साठ शर्ट पसंत पडले तर वर्षभराचं काम, नाहीतर पुन्हा आपली लग्नसराईची वाट. भुजंग फक्त पुरुषांचे कपडे शिवायचा. कमरेत आवळलेला शर्ट पाहून त्याला तिकडच्या गड्यांची कीवच आली. "पोटभर जेवत न्हाईत बिचारे." कंपनीची चूक त्याने मोठ्या मनाने पोटात घातली आणि काजं डावीकडे आखली.

काजं बायको सोनूबाई हाताने करायची. "आवो, नमुन्यापरमाणंच घेऊ की," ती दोनदा म्हणाली.

"चुकीची बी नक्कल करायची का?"

तिने सुईत दोरा ओवला.

कंपनीचे साहेब तपासायला आले. पहिला शर्ट उचलला, मग दुसरा, मग दहावा, आणि मटकन खाली बसले.

"मास्तर, हे बायकांचे शर्ट होते हो!"

"बायका शर्ट घालतेत?"

"जर्मनीत घालतात! बायकांच्या शर्टाला काजं उजवीकडेच असतात."

भुजंगाच्या हातातली टेप गळाली. साहेब उठू लागले तशी सोनूबाई दाराआडून म्हणाली, "मला ठावं होतं."

"तुला? कसं काय?"

"तुम्ही बाजारात गेल्ते तवा घालून पाह्यला. बराबर बसला. पर सांगावं कसं?"

 सोळा वर्षं भुजंगाने अख्ख्या गावाची मापं घेतली, हिचं एकदाही नाही. त्याला लाज वाटली आणि तिची फार माया आली.

साहेबांनी काजांवरून बोट फिरवलं. "इतकं सुबक काम मुंबईत मिळत नाही. असे आवळलेले शर्ट तिकडची तरुण पोरंही घालतात, त्यांच्यासाठी खपवतो. काम तुम्हालाच. पण पुढचा नमुना आधी वहिनींना घालू द्या, मगच कात्री लावा."

साहेब गेले. भुजंगाने दाराला कडी घातली आणि टेप उचलली. "हात वर कर."

"आता कशाला?"

"एकसष्टावा शिवून राह्यलो."

"अगं बाई! लोक काय म्हणतेल?"

"घरात घाल."

तिने लाजत हात वर केले. "अन् काजं?"

"तू म्हणशील तिकडं."