हुरूप आणणारा फलक

"माणसांना कामाचा हुरूप आणणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, सासूबाई!" जावईबापूंनी छाती फुगवून सांगितलं.

उशांचा कारखाना सासूबाईंचा, व्यवस्थापक जावईबापू, आणि खोळींची शिवण अशी वाकडी की गिऱ्हाइकं उशा परत आणून आपटत!

"शनिवारपर्यंत शिवण सरळ झाली नाही, तर केबिन सोडायची आणि कापूस भरायला बसायचं!" सासूबाईंनी बजावलं.

दुसऱ्याच दिवशी जावईबापूंनी फलक आणला. दारापेक्षा मोठा! त्यावर बत्तीशी दाखवणारा त्यांचाच फोटो आणि खाली अक्षरं : 'हसा, हुरूप येईल!'

शिवणाऱ्या बायका टकामका बघत राहिल्या.

"साहेब, त्यापेक्षा एखादा दिवा..." थोरल्या मावशींनी तोंड उघडलं.

"मावशी, आधी हसा!"

मावशी हसल्या. दाढ ठणकत असल्यासारख्या.

फलकाला भिंत पुरेना. मग भलंमोठं कपाट सरकवायचं ठरलं. सगळ्यांनी खांदा लावला, कपाट कुरकुरत हललं, आणि मागे चक्क खिडकी! आजवर कुणालाच ठाऊक नसलेली! जावईबापूंनी ऐटीत कडी काढली.

वारा असा आत घुसला, जणू इतकी वर्षं बाहेर ताटकळत उभा होता! पिंजलेला कापूस उधळला, फलक धाडकन आडवा झाला, जावईबापू ढिगात गडप, आणि नेमक्या दारात सासूबाई!

"अगं बाई! माझा जावई कुठाय?"

ढिगातून कापसाची पांढरीशुभ्र दाढी वर आली. "इथंय... हुरूप आणतोय."

बायका पोट धरधरून हसल्या. जावईबापूंनी मनातल्या मनात केबिनचा निरोप घेतला आणि ते खिडकी लावायला धावले.

"खबरदार, साहेब!" मावशी आडव्या आल्या. "त्या मिणमिणत्या दिव्याखाली नुसतं चाचपडत होतो. आज कुठं सुईचं नाक दिसतंय!"

शनिवारी शिवण अशी सरळ, की फूटपट्टीनं तिच्याकडे शिकवणी लावावी! बायका गुणगुणत शिवत होत्या. सासूबाईंनी खोळीवरून बोट फिरवलं.

"मानलं, जावईबापू! केबिन तुमचीच."

"म्हटलं नव्हतं? सगळी फलकाची किमया!"

मावशींनी फलकही वाया जाऊ दिला नाही. दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून तो खिडकीबाहेर तिरका टांगला, बत्तीशी रस्त्याकडे करून.

तेव्हापासून रोज कुणीतरी गाल धरून दारात येतं आणि विचारतं,

"दातांचे डॉक्टर आहेत का आत?"