उलट्या काट्यांचा मुहूर्त

लेकीचं लग्न गोरज मुहूर्ताचं, म्हणून किशनरावांनी मांडवात विजेचं घड्याळ टांगलं. शिरड शहापुरात विजेचा भरवसा नव्हता, तेव्हा भाड्याचं डिझेल इंजिनही आणलं. घड्याळाला चावी नव्हती. इंजिन पळेल तसे त्याचे काटे पळायचे. मेहुण्याने हे बजावून सांगितलं होतं, पण मेहुण्याचं ऐकतील तर ते किशनराव कसले!

दुपारी सनईची रेकॉर्ड रडक्या आवाजात वाजू लागली. किशनराव इंजिनवाल्याकडे धावले.

"हिरासिंग, इंजिन काहून दम खाऊन राहिलं? वाढव की!"

"लई वाढवलं तर तकलीफ व्हईल, मालक."

"माझ्या लेकीचं लगीन हाय. वाढव!"

इंजिन वाढलं. सनई चिलटासारखी किरकिरू लागली. दिवे भरउन्हात डोळे वटारून पेटले. आणि घड्याळात मुहूर्ताची वेळ झाली, तेव्हा मांडवावरचं ऊन जागचं हललंही नव्हतं. भटजी एकदा काट्यांकडे बघत, एकदा सूर्याकडे.

"दिवस मावळंना," नवरदेवाची आजी धुरपताबाई हळूच म्हणाली. "कुणीतरी धरून ठेवलाय. उठा, पोराला घेऊन चला माघारी."

हळद लागलेली लेक आत बसलेली आणि इथं वऱ्हाड चपला शोधतंय! किशनरावांनी धावत जाऊन काटे मागे सारले. ते पुन्हा पुढे पळाले.

"बंद कर रे ते!"

इंजिन थांबलं, तसं घड्याळही थांबलं. लग्नघरात बंद पडलेलं घड्याळ! बायकांनी तोंडाला पदर लावले.

"चालू कर, चालू कर! पर सावकाश!"

इंजिनाने धाप टाकली, घड्याळाने एक आचका दिला आणि काटे उलटे फिरू लागले.

लेकरं आयांना चिकटली. सोयरीक मोडली, असं समजून किशनराव मटकन खाली बसले.

धुरपताबाई उठली. पण ती वेशीकडे गेली नाही. घड्याळाखाली जाऊन, मान वर करून उभी राहिली. ती हलेना, म्हणून वऱ्हाडही हलेना. ऊन कलत गेलं. शेवटी गायी धूळ उडवत रानातून परतल्या, आणि भटजींनी घड्याळाकडे पाठ करून घाईघाईने अंतरपाट धरायला लावला.

अक्षता पडल्या. किशनराव ओशाळून घड्याळ उतरवायला आले.

"हात लावू नका, व्याही," म्हातारी म्हणाली. "आमचे मालक गेले त्याला लई वर्सं झाली. फिरू द्या काटे माघारी."

मग पंगतीत तिने आपल्या शेजारी आणखी एक पत्रावळ मांडायला लावली. काही वेळाने त्या रिकाम्या जागेकडे बघून ती लाजली आणि पदर कपाळावर पुढे ओढून घेतला.