आयेचा हेडफोन आणि धाकूचे भोंगे

या मंडळी, असे पुढे सरका. अजून थोडं. हं! कीर्तनात मागे खांबाला टेकून बसणाऱ्याला पुण्य अर्धं आणि झोप पुरी मिळते, म्हणून मी सगळ्यांना पुढेच बोलावतो. आज जी हकिगत सांगणार आहे तिच्यात भक्ती आहे, वीज आहे आणि शेवटी जेवणसुद्धा आहे!

आधी एक सांगून ठेवतो. वस्तू पारखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या मरोळमध्ये कोणी नाही! टिचकी मारून माठ, वास घेऊन हिंग आणि पहिल्या आलापावरून कीर्तनकार ओळखणारा माणूस मी, सीताराम धोंडू तोरसकर. मला एक स्वस्तातला अ‍ॅम्प्लिफायर निवडणं काय जड?

त्याचं असं झालं. आमच्या आयेला ऐकू कमी यायला लागलं. गावच्या देवळातल्या एका कीर्तनाची कॅसेट आमच्याकडे आहे. बाबा हयात असताना भरलेली. ती लावायला आये सारखी सांगायची. आवाज पूर्ण वर नेला तरी तिला नुसती गुणगुण ऐकू यायची. मात्र वरच्या मजल्यावरच्या शकुताईंना शब्दन् शब्द ऐकू यायचा! लगेच त्या वरून जमिनीवर बत्ता हाणायच्या. बुवांच्या झांजेला शकुताईंचा बत्ता, असं कीर्तन मी जन्मात ऐकलं नव्हतं.

अशात माझा मेहुणा दोह्याहून आला आणि हेडफोन घेऊन आला. केवढा म्हणता? फोडलेल्या नारळाच्या दोन वाट्या पट्टीला लावाव्यात तेवढा! आयेच्या डोक्यावर चढवला, टेप चालू केला. आये डोळे मिटून बसली. मग डोळे उघडून म्हणाली, "सीताराम, कोण तरी बावीत पडलो हा. बगून ये." बुवांचा आवाज तिला विहिरीच्या तळातून आल्यासारखा वाटत होता!

मी आमच्या इसिडोरला बोलावलं. इसिडोर शेजारच्या गावठाणातला. लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो, फावल्या वेळात रेडिओ उघडतो. ते बंद करता येतात की नाही, हा वेगळा विषय.

"तोरसकर, यार, हा हेडफोन उपाशी आहे," इसिडोर म्हणाला. "तुझ्या टेपमध्ये याला हलवायची ताकद नाय. मध्ये अ‍ॅम्प्लिफायर लाव. काम झकास!"

झालं! माझ्या जिवाला घोर लागला. माघातली बाबांची तिथी येत्या शनिवारी. आयेचं एकच मागणं होतं, "तिथीच्या दिवसा माका तेवढी टेप आयकव. मगे काय मागूचंय नाय." तिने एवढ्या वर्षांत काही मागितलं नव्हतं हो! मला बसवेना, उठवेना. देवळात बुवा ध्रुवाची तपश्चर्या सांगत होते, आणि माझ्या डोक्यात वायरी!

दुकानात गेलो. पहिला अ‍ॅम्प्लिफायर असा, की त्याची किंमत ऐकून मलाच ऐकू येईनासं झालं. दुसरा स्वस्त होता, कोणीतरी घरी जुळवलेला. तो ट्रायलवर घरी आणला. विमानतळ आम्हाला इतका जवळ, की दर विमानाला आमच्या कपाटातल्या बश्या टाळ्या वाजवतात. या पठ्ठ्यातून बुवांच्या मागे कोणीतरी इंग्रजीत विमान उतरवायला लागलं! शेवटी जळक्या रबराचा वास आला आणि बुवा व वैमानिक दोघेही एकदमच गप्प झाले.

"अहो, तुम्हाला वस्तू पारखता येतात ना?" आमच्या सौ. सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"येतात! म्हणूनच परत करतोय."

शुक्रवार उजाडला, तरी अ‍ॅम्प्लिफायर नाही. ऑफिसात साहेबांनी सही मागितली, तर मी कागदावर दोनदा केली. आणि संध्याकाळी घरी येतो, तर काय! साक्षात अ‍ॅम्प्लिफायर आमच्या टेबलावर बसलेला! काळा, भक्कम, हार घातला असता तर पाया पडावा असा.

रविवारी सोसायटीची सत्यनारायणाची पूजा. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, प्लग जवळ, म्हणून धाकू मंडपवाल्याने सामान आमच्याकडे ठेवलेलं. एक भोंगा गच्चीवर बांधलेला, दुसरा गेटच्या खांबावर, थेट आमच्या गॅलरीच्या नाकासमोर.

"तोरसकरानू, हेका हात लावू नका हां," धाकू बजावून गेला.

"छे, छे! मी कशाला लावीन?" मी म्हणालो. म्हणताना माझा हात त्याच्यावरच होता.

स्वस्तात स्वस्त म्हणजे फुकट! शनिवारी सकाळी इसिडोर स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. त्याने मागच्या बाजूला डोकं घातलं.

"ही भोंग्याची वायर. काढली. आता सगळी ताकद हेडफोनला."

"नक्की ना रे?"

"अरे, मी बँडमध्ये आहे!"

बँडमध्ये असण्याचा आणि वायरींचा संबंध काय, हे मी विचारायला हवं होतं. त्याने काढलेली वायर मंडपातल्या स्पीकरच्या डब्याची होती. भोंग्यांची खाली, दुसऱ्याच स्क्रूंना होती. इसिडोर एका लग्नाला वाजवायला निघून गेला.

आये गॅलरीत तांदूळ निवडत होती. म्हटलं, आधी आपण तपासू, एकदम तिच्या कानात गडगडाट नको. मी हेडफोन चढवला, टेप चालू केला, बटण फिरवलं आणि... अहाहा! काय सांगू! बुवा माझ्या मेंदूत उभे राहून गात होते! पखवाजावर थाप पडली की माझी दाढ हलायची! मी डोळे मिटले, टाळ्या सुरू केल्या.

एकदा डोळे किलकिले केले तर सुलक्षणा दारात उभी. तोंड उघडतंय, मिटतंय, हात खिडकीकडे जातोय. बुवांनी तिलाही वेड लावलं तर! मी खूण केली: थांब, पूर्वरंग रंगात आलाय.

पूर्वरंग संपला. बुवांच्या गळ्यात हार पडण्याची ती वेळ. एरवी मी हा भाग पुढे पळवतो, सूचना, आभार, हरवलेल्या चपला, कोण ऐकतो? पण त्या दिवशी तंद्री अशी लागलेली की हात उचललाच नाही. आणि कानात बाबांचा आवाज आला! खणखणीत, अस्सल मालवणी.

"मंडळी, आयका! आख्यान झाल्यार कोणी परस्पर घराक पळाचा नाय. लहानथोर सगळ्यांनी तोरसकरांकडे जेवान जायचा! जेवान आमच्या राधान रांधल्यान हा. मीठ कमी लागला तर माका सांगा, तिका नको!"

मी हसलो. बुवांचं आख्यान सुरू झालं, तसा पुन्हा त्यात बुडालो. थोड्या वेळाने खाड्कन डोळे उघडले, तर समोर शकुताई! हातात रिकामं ताट! मागे त्यांचे यजमान, त्यांच्यामागे दुसरा मजला, त्यामागे तिसरा, आणि दाराबाहेर चपलांचा असा ढीग, की जणू एखादं देवस्थान!

मी हेडफोन काढला. काढला, तरी बुवा ऐकू येतायत! मंडळी, माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं कीर्तनं ऐकली, आज फळ मिळालं! यंत्रावाचून कानी नाद! मी हात जोडले. "साक्षात्कार!" मी पुटपुटलो.

"कसला साक्षात्कार?" सुलक्षणा ओरडली. "भोंगे चालू आहेत! गेटवर, गच्चीवर! मघापासून घसा फोडून सांगतेय! सगळ्या मरोळला जेवायला बोलावलंत तुम्ही!"

"मी नाही, बाबांनी!" मी म्हणालो, आणि ते खरंच होतं.

"हे काय निमंत्रण!" शकुताई म्हणाल्या. "तिथीचं जेवण आहे, तर भोंग्यावरून सांगायची काय गरज होती? दारावर टकटक केली असती तरी आले असते! आवाजाचं मी बोलले, म्हणून मुद्दाम ना?"

तेवढ्यात धाकू धापा टाकत आला. "ओ तोरसकरानू! पूजा आजच उरकलास काय? माझो अ‍ॅम्प्लिफायर!"

वाट लागली! घरात आमटी होती चौघांपुरती, आणि खिरीचं पातेलं केवढं, तर त्यात कावळ्याने चोच बुडवली तरी तळाला लागेल. मी धाकूच्या सामानातला माइक ओढला. म्हटलं, सरळ जाहीर करावं: मंडळी, चूक झाली, आपापल्या घरी जा. बटणाला हात घातला.

"सीताराम! हात काड थयसून!"

आये. गॅलरीची जाळी दोन्ही हातांनी धरून उभी, भोंग्यासमोर. सुपातले तांदूळ पायाशी सांडलेले. गाल ओले.

"आयकलंस मा? माझा नाव घेतल्यानी, राधा म्हणान."

मला कळेना. "आये, तुला बुवांचं कीर्तन ऐकायचं होतं ना?"

"बुवांचा काय, बुवांची कीर्तनां मी पोटभर आयकलंय. सगळो जलम ह्यांनी माका 'अगो' म्हणान हाक मारल्यानी. चार माणसात बायलेचा नाव घेवची पद्धत नाय होती. एकदाच घेतल्यानी. ता ह्या टेपीत हा. आणि तू मेल्या दर खेपेक ता पुढे धावडवतंस!"

शकुताईंनी ताट पाठीमागे लपवलं.

"आता बगत काय रवलंस?" आये म्हणाली. "तेंनी सगळ्यांका जेवाक बोलावल्यानी हा. तेंचो शब्द मोडतलंस? सुलक्षणा, मोठो टोप काढ!"

मग काय सांगू! शकुताई वर पळाल्या आणि लोणच्याची बरणी आणि स्वतःच्या घरचा भात घेऊन आल्या. ज्या बत्त्याने आम्हाला छळलं, त्यानेच खोबरं कुटलं गेलं! दुसऱ्या मजल्यावरून डाळ आली. इसिडोरच्या एडनाने पावांची अख्खी लादी पाठवली आणि निरोप दिला, "नवरा घरी आला की त्याचा स्क्रूड्रायव्हर लपवते." धाकू पंगतीत पहिला बसला. "माझ्या भोंग्यांनी बोलावल्यानी, म्हणजे माझो मान!" असं त्याचं म्हणणं. मध्येच विमान गेलं, बश्यांनी टाळ्या वाजवल्या.

आये प्रत्येक पानापाशी जाऊन विचारत होती, "मीठ बरोबर हा मा?" आमटीत मीठ कमी होतं, मंडळी. स्पष्ट कमी. पण सगळी सोसायटी एका सुरात म्हणाली, "एकदम बरोबर!"

दुसऱ्या दिवशी पूजा झाली आणि धाकू अ‍ॅम्प्लिफायर घेऊन गेला. आता दर वर्षी पूजेच्या आदल्या दिवशी तो स्वतःच एकदा, तेवढाच भाग, गेटच्या भोंग्यावर लावून जातो. आये गॅलरीत खुर्ची टाकून बसते. शकुताई बत्ता हाणत नाहीत. ताट घेऊन येतात!

तेव्हा मंडळी, एवढं ऐकलंत, तर एक करा. कधी जेवताना मीठ कमी लागलं, तर रांधणारीला काही म्हणू नका. आमच्या धोंडू तोरसकरांची आठवण काढा आणि त्यांनाच सांगा.

आमच्याकडे तर दुसरी सोयच उरलेली नाही. मी जेवताना मिठावरून बोलायला लागलो की सुलक्षणा तो दोह्याचा हेडफोन चढवते. वायर न जोडता!