टोपली रिकामी जात नाही

टील्डाच्या योजनेत खोट काढायला जागाच नव्हती! शाळेच्या मळ्यात मुलांनी भाजी पिकवायची आणि तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्या बारा म्हाताऱ्यांच्या दारात दर गुरुवारी टोपली पोचवायची. फुकट.

"बिचाऱ्यांचे चार पैसे वाचतील," सतरा वर्षांच्या टील्डाने वर्गात ठणकावून सांगितलं. "यात चुकण्यासारखं आहेच काय?"

गाव स्वीडनमधलं. इथला म्हातारा एक वेळ उपाशी झोपेल, पण कुणाचं देणं अंगावर ठेवणार नाही. टील्डाला हे जन्मापासून ठाऊक होतं, फक्त योजना आखताना आठवलं नाही!

गुरुवारी बारा टोपल्या गेल्या. शुक्रवारी बाराच्या बारा परत आल्या, भरून! गुनवर नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या म्हातारीने काकड्यांच्या बदल्यात वेलदोड्याचे गोड बनपाव धाडले. बायको गेल्यापासून ज्याने साधं अंडं उकडलं नव्हतं, त्या सिक्स्टेनने तर बेकरीतून अख्खा केक विकत आणला.

"अहो सिक्स्टेन, ती भेट होती!" टील्डा म्हणाली.

"मग हीसुद्धा भेटच."

सिक्स्टेनच्या केकची बातमी गुनवरच्या कानावर गेली. पुढच्या शुक्रवारी तिच्याकडून बनबरोबर बिस्किटं आली, त्याच्या पुढच्या शुक्रवारी बदामाची वडीही. वर्गातल्या मुलांच्या विजारी घट्ट होऊ लागल्या.

टील्डाने टोपल्या बंद करून कागदी पिशव्या काढल्या. पिशव्या इस्त्री होऊन परत आल्या, आत बिस्किटं! मग तिने भाजी दारात ठेवून, घंटी वाजवून पळ काढायचं ठरवलं. गुनवरच्या इमारतीतून ती जेमतेम फाटकापर्यंत पोचली असेल, तोच वरून हाक आली.

"टील्डा! पळतेस कुठे? बन गरम आहेत!"

मान खाली घालून ती वर गेली. ओट्यावर तीस बन मांडले होते. टेबलावर मात्र गुनवरच्या जेवणाची बशी होती आणि तीत दोन कुरकुरीत पाव. कोरडे.

"लोणी नाही लावत?"

"लोणी बनमध्ये गेलं," गुनवर सहज म्हणाली. "पुढच्या महिन्यात आणीन."

टील्डाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हातारीचा खर्च वाचवायला निघाली होती आणि तिच्या पावावरचं लोणी खाऊन बसली होती! मग ती एकदम म्हणाली, "गुनवर, खरं सांगू? तण कुठलं अन् पीक कुठलं, हेच आम्हाला कळत नाही. परवा पालकाची अख्खी रांग उपटून टाकली. तुम्ही सगळे येऊन शिकवाल का? भाजी हीच मजुरी. वर काही द्यायचं नाही."

"मजुरी?" गुनवरने थोडा विचार केला. "मजुरी असेल तर घेईन."

सोमवारी सकाळी सात वाजता बारा म्हातारे मळ्यावर हजर! आपापली कुदळ, आपापला कॉफीचा थर्मास. सिक्स्टेनने चाळीस वर्षं शेतावर काढली होती, हे तेव्हा कळलं.

"ही गाजरं कुणी पेरली? डोळे मिटून?"

दुपारपर्यंत मुलांची बढती ढकलगाडीवर झाली. तणाखाली दबलेलं पीक असं काही वर आलं की टोपल्या पुरेनात. बन बंद झाले. गुनवरच्या पावावर लोणी दिसू लागलं. टील्डाची छाती पुन्हा दोन इंच फुगली.

आणि एका गुरुवारी टील्डाच्याच घराची घंटी वाजली. दारात गुनवर, हातात टोपली.

"मजुरी जास्त झाली आमची. चार गाजरं उरली, तुम्हीच खा."

नको म्हणायला टील्डाने तोंड उघडलं, तोवर आईने टोपली घेऊन आभारही मानले होते. दार लागताच आई म्हणाली, "शनिवारी केक कर. टोपली रिकामी परत जायची नाही हं!"

शनिवारभर टील्डा ओव्हनसमोर राबली. केक मधोमध बसला, पण बसला तर बसला, टोपलीत घालून तिने तो पोचवला. गुनवरने एक घास घेतला, सावकाश चावला आणि चमचा खाली ठेवला.

"लोणी किती घातलंस गं?"

"पाव किलो."

"चार गाजरांपायी पाव किलो लोणी!" गुनवरने कपाळावर हात मारला. "अगं, परवडतं का तुझ्या घरच्यांना?"