मार्लिसच्या दोनशे बारा सह्या

"तीन पानं! अवघ्या तीन पानांत अडतीस हजार डॉलरचं कर्ज साफ!" मार्लिस टॉलिव्हरने अर्ज भावाच्या नाकासमोर फडफडवला. फडफडवायला तिला वेगळे कष्ट नव्हतेच. मज्जातंतूंच्या आजाराने गेली सहा वर्षं ती चाकाच्या खुर्चीत होती आणि तिचे हात पिंपळपानासारखे थरथरत होते.

एके काळी डुलूथ शहरात दुकानाची पाटी रंगवावी तर मार्लिसनेच! ती कला शिकायलाच तिने विद्यार्थी-कर्ज काढलं होतं. आता ब्रश धरला की 'ताजा ब्रेड'च्या जागी भूकंपाचा आलेख उमटायचा. कमाई बंद पडली, व्याजाची तब्येत मात्र ठणठणीत! कायमचं अपंगत्व आलं तर असं कर्ज माफ होतं, असा कायदाच होता. डॉक्टर फेल्टबाईंनी दाखलाही दिला होता.

"शुक्रवारपर्यंत मोकळी होते की नाही बघ, ओरिन!"

कसला शुक्रवार! सहाव्या आठवड्यात अर्ज परत आला. कारण? सही जुन्या सहीशी जुळत नाही. मार्लिसने तडक कर्जवसुली कंपनीला फोन लावला. पेटिबोन नावाचा कारकून बोलत होता.

"मॅडम, तुमची एकोणिसाव्या वर्षीची सही आहे आमच्याकडे. काय सही आहे हो! शेवटी मोराच्या तुऱ्यासारखा फराटा! आणि ही नवी म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"शाईत पडलेलं झुरळ चालत गेल्यासारखी."

"अहो, हात हलतात म्हणून तर अर्ज केलाय!"

"तसं सही करून कळवा ना. पण जुळणारी!"

मार्लिसने फोन आपटला. तो जागेवर पडायला तीन प्रयत्न लागले, त्यामुळे राग तिप्पट झाला.

ओरिन तिचा धाकटा भाऊ. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चालवायचा. माणूस सरळ, डोकंही सरळच. त्याने बहिणीच्या जुन्या कागदांतून ती तुऱ्याची सही शोधली, तीन दिवस गिरवली आणि नवा अर्ज परस्पर टपालात टाकला.

पंधरा दिवसांत उत्तर आलं: 'सही तंतोतंत जुळते. सबब अर्जदाराचे हात उत्तम असल्याचे दिसते. खोटी माहिती दिल्याबद्दल खुलासा करावा.'

मार्लिसने पत्र दोनदा वाचलं. मग तिचं लक्ष ओरिनच्या कानांकडे गेलं. ते बिटासारखे लाल झाले होते.

"ओरिन!"

"ताई, मला वाटलं..."

"तुला वाटलं! आता मी चोर ठरले ना!"

"पण तुरा जमला होता ना गं?"

"तुझ्या टाळक्यात खोवते तो तुरा!"

ओरिन खुर्चीत बसला. हळूच म्हणाला, "सोडून दे ताई. अर्ज मागे घे. मी भरतो हप्ते, जमतील तसे."

"का म्हणून? मी भीक मागतेय का? कायद्यात लिहिलंय तेच मागतेय. आणि मागीन तर माझ्याच हाताने! हा असा हलतो ना, ह्याच हाताने!"

न्हाणीघराच्या भिंतीला लावायला ओरिनने कागदाची गुंडाळी आणली होती, बदकांच्या चित्रांची. मार्लिसने ती चाकाच्या खुर्चीत मांडीवर घेतली आणि दवाखाना गाठला. दोन दुपारी डॉक्टरबाईंसमोर बसून ती सह्या करत राहिली. एक सही बदकाच्या डोक्यावर चढली, एक त्याच्या पोटात शिरली, एक तर डॉक्टरबाईंच्या बाहीवर संपली! बोटं दुखून आली तरी ती थांबेना. एकूण दोनशे बारा. खाली बाईंनी लिहिलं, 'सर्व माझ्यासमक्ष.' त्याखाली ओरिनने लिहिलं, 'आधीची माझी होती. चूक झाली.'

गुंडाळी अर्जासोबत टपालाने कंपनीकडे गेली. आठवड्याने पेटिबोनचा फोन. आवाज अगदी बारीक. "मॅडम, यातली खरी कुठली?"

"सगळ्या! आवडेल ती घ्या! दोन सारख्या सापडल्या तर मीच पैसे भरते!"

म्हणे, गुंडाळी पसरून सबंध कचेरी जमिनीवर रांगत होती. सारख्या दोन कुणालाच सापडल्या नाहीत.

महिन्याने पत्र आलं: कर्ज माफ! ओरिनने बहिणीला खुर्चीसकट स्वयंपाकघरात दोन गिरक्या दिल्या. मार्लिस मात्र पत्राच्या तळाशी बघत होती. तिथे वरिष्ठ अधिकाऱ्याची सही होती: एक आडवी रेघ आणि एक डाग.

तिने फोन फिरवला. आता सोडते की काय! "पेटिबोन, ही सही आहे की चहा सांडलाय? तुमच्या साहेबांच्या जुन्या सहीशी ही जुळते का, ते आधी सांगा!"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग तो कुजबुजला, "मॅडम, खरं सांगू? साहेब रजेवर आहेत. ती मीच..."

"हॅलो? हॅलो?" मार्लिस ओरडली. "काही ऐकू येत नाही हो! माझे कानही गेले वाटतं! पण त्यासाठी आणखी एक अर्ज पाठवू नका हं!"

आणि तिने फोन ठेवला. पहिल्याच प्रयत्नात!