दानीची गोळी कुणाच्या पोटात?

औषध हा आपला विषय हाय! भालकीच्या बाजारात माझं खता-औषधाचं दुकान हाय. तालुक्यातल्या कुठल्याबी शेतकऱ्याला विचारा, तुरीवरची अळी असू दे न्हाईतर उसावरचा मावा, "पंचाक्षरी सांगंल तेच फवारायचं," असंच म्हणंल. कशात काय मिसळायचं न्हाई, वारं कुणीकडून असलं की फवारायचं न्हाई, फवारल्यावर हात कसे धुवायचे, सगळं मला तोंडपाठ! आता असल्या माणसाला बायकोला एक गोळी द्यायचं काम जड जाईल, असं तुम्हाला तरी वाटंल का? मलाबी वाटलं न्हव्हतं.

आधी आजाराचं सांगतो. माझी बायको दानेश्वरी, म्हणजे आमची दानी, हायस्कूलला गणित शिकवती. दोन वर्षांखाली तिला एका डोळ्यानं धुरकट दिसायलं. मंग उजव्या पायाला मुंग्या यायल्या, अन् एक दिवस फळ्यावर लिहिता लिहिता हातातला खडू पडला. पडला तो पडला, पण तिला उचलायलाच येईना! सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या अन् सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस. आपल्या अंगाची राखण करणारी फौजच उलटती अन् नसांवरचं आवरण खाती म्हणं. मोटारीच्या वायरीवरचं रबर उंदरानं कुरतडलं की मोटार कशी कधी चालती, कधी बंद पडती, तसंच. दानी त्यातनं सावरली, पण पुढला झटका कधी येईल त्याचा भरवसा न्हाई. तो येऊ नये म्हणून गोळ्यांचा कोर्स ठरला. "डॉक्टर, माझ्या हातात खडू राहिला पाहिजे, बाकी काही न्हाई," एवढंच ती म्हणली, अन् मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, सगळं बरोबर निघालं, मंग डॉक्टरांनी नियम सांगितले. गोळी पाकिटातनं काढली की कोरड्या हातानं लगेच पाण्यासंगं गिळायची. चावायची न्हाई, फोडायची न्हाई, काढून कुठं ठेवायची न्हाई. नंतर हात स्वच्छ धुवायचे. घरातल्या दुसऱ्या कुणी गोळीला हात लावायचा न्हाई, पोटुशी बाईनं तर अजिबात न्हाई. बाकीची औषधं अन् ही गोळी यांच्यात काही तासांचं अंतर ठेवायचं. ताप आला की फोन करायचा. अन् एका दिवशी दोन गोळ्या कधीच घ्यायच्या न्हाईत!

दानी शांतपणे ऐकायली होती. मीच मधी छाती पुढं काढून म्हणलो, "डॉक्टर, तुम्ही बिनघोर राव्हा. गोळीची सगळी जबाबदारी माझी!"

डॉक्टर दानीकडं बघून हसले अन् त्यांनी पुढला पेशंट बोलावला.

घरी आलो तर पयलं विघ्न आमच्या अव्वानंच काढलं. माझी आई नागव्वा म्हणजे कडक भक्तीण. लिंगपूजा झाल्याबिगर चहा न्हाई. अन् देवाला दाखवल्याबिगर आमच्या घरात शेंगदाणाबी कुणाच्या तोंडात जात न्हाई.

"पंच्या, एवढी मोठी गोळी देवाला न दाखवताच, तीर्थ न शिंपडताच पोरीच्या पोटात घालणार व्हय रे?"

"अव्वा, त्या गोळीला पाणी लागलेलं चालत न्हाई!"

"तीर्थ म्हणजे पाणी व्हय?"

अव्वानं ताट बाजूला सारलं. ती एकदा जेवायची न्हाई म्हणली की तिला जेवू घालायला साक्षात बसवण्णाच यायला पाहिजे! शेवटी मी तोड काढली. पाकीट जसंच्या तसं, न उघडता, देवासमोर ठेवायचं. सकाळी नवाला मी स्वतः उघडणार.

"कागदाला ईभूती लावून आतल्या गोळीला पोचती व्हय?" अव्वा पुटपुटली, पण जेवली.

दानी तिथंच भाकरी थापायली होती. तव्यावरची भाकरी उलटवता उलटवता तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, नवऱ्याच्या हुशारीवर खूश हाय.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सोमवारी अव्वा पूजा झाली की खोबरं, फुटाणे अन् साखरेचा प्रसाद गल्लीत वाटती. मी लवकर उठून दुकानातनं सामान आणलो. फवारणीचे हातमोजे, नाकातोंडाला मास्क, डोळ्यांवर मोठा चष्मा! सगळं चढवून मी नवाच्या ठोक्याला अंगणात आलो. दानी खुर्चीवर बसून पेपर तपासायली होती. मला बघून तिचा पेन थांबला.

"अहो, हे काय?"

"सुरक्षा!"

"अहो, पण ऐका तरी, गोळी..."

"गोळीचं नाव काढू नको! डॉक्टर म्हणलेत, तू ताण घ्यायचा न्हाई. तू फक्त तोंड उघडायचं, तेबी मी सांगितल्यावर!"

असं म्हणून मी देवखोलीत गेलो, अन् बघतो तर काय! पाकिटातला एक कप्पा फाटलेला. आतली गोळी गायब!

"अव्वा! गोळी कुठं हाय?"

"वाटीत हाय की. सकाळी बघितले तर गोळी वाटीत काढूनच ठेवलेली! म्हणलं, पोरानं आईचं मन राखलं. चांगली ईभूती लावले, तीर्थ शिंपडले..." बोलता बोलता अव्वानं वाटी उचलली. वाटी रिकामी! शेजारी तसलीच दुसरी वाटी होती, ती साखरेनं काठोकाठ भरलेली. अव्वाचा चेहरा उतरला.

"अगं बया! साखर म्हणून मी हीच वाटी प्रसादाच्या ताटात उपडी केले की रे!"

"अन् ताट?"

"वाटून आले. आख्ख्या गल्लीत."

बायकोची पयल्याच दिवसाची गोळी गेली. ती चुकल्यामुळं परत झटका आला तर? अन् ज्याच्या पोटात गेली, त्याचं काय? दानीला हे कळलं तर तिचा जीव कासावीस होईल. मी अव्वाला म्हणलो, "दानीजवळ चकार शब्द काढायचा न्हाई! आधी गोळी कुणी खाल्ली ते शोधतो." अव्वानं तोंडाला पदर लावून मान हलवली, अन् मी तसाच बाहेर पळालो. तसाच म्हणजे, मास्क अन् मोज्यासकट!

पयलं दार शिवगंगा अक्काचं.

"अक्का, प्रसाद खाल्लाव का?"

"खाल्ले की. कामून?"

"काही कडू लागलं का? पांढरं, गोल असं काही दाताखाली आलं?"

अक्का माझ्या मास्ककडं बघायली. मंग मोज्यांकडं. मंग परत मास्ककडं.

"पंचाक्षरी, तोंड कामून बांधलास रे?"

"काही न्हाई अक्का, सुरक्षा!"

इथंच माझं चुकलं. फवारणीचं औषध इकणारा माणूस फवारणीचा मास्क घालून दारात येतो अन् प्रसाद कसा लागला म्हणून विचारतो. समोरचा काय समजंल, तुम्हीच सांगा! मी तिसऱ्या दारात पोचायच्या आधी बातमी गल्लीच्या पार टोकाला पोचली होती, की पंचाक्षरीच्या दुकानातलं औषध प्रसादात पडलंय! कुणी घटाघटा ताक प्यायलं, कुणी पोराच्या तोंडात बोटं घालायलं. एकानं तर मला कोपऱ्यात ओढून हळूच विचारलं, "अण्णा, एकदा खरं सांगून टाका. अळीचं हाय का तणाचं?"

"अहो, दानीचं हाय! दानीची गोळी हाय! पण दानीला सांगू नका!"

मंग तर काय, आख्ख्या गल्लीला एकच प्रश्न पडला. दानीची गोळी नेमकी कुणाच्या पोटात? जो तो दुसऱ्याचं तोंड बघायला. कुणाचे डोळे लाल दिसायलेत, कुणाची जीभ अडखळायलीय, ह्याच्यावर चर्चा सुरू झाल्या. तेवढ्यात काशप्पा मामा गुडघ्यावर हात ठेवत बाहेर आले. कारखान्यातनं रिटायर झाल्यापासनं मामा अन् त्यांचा गुडघा हे दोघंच कट्ट्यावर बसून असतेत.

"पांढरी, गोल? ती मीच खाल्लोय."

सगळी गल्ली मामाभोवती गोळा झाली!

"कशी लागली मामा?" मी विचारलो.

"गार लागली बाबा. नरड्यातनं पार बेंबीपर्यंत गार पडत गेली. आता छातीतबी गार वाटायलंय."

"गार पडायलेत!" शिवगंगा अक्का किंचाळली. "काशप्पा मामा गार पडायलेत! उचला!"

चौघांनी मामाला उचललं. माझी जीप दारात असल्यानं त्यांना माझ्याच अंगणात आणून बाजेवर टाकलं. मामा म्हणायले, "अरे, मला चालता येतंय!" पण ऐकतंय कोण? कुणी वारा घालायलं, कुणी तळपाय चोळायलं. अव्वा उशाशी बसून "बसवण्णा, बसवण्णा" करायली. दानी खुर्चीवरनं उठली.

"काय झालं काशप्पा मामांना?"

"काही न्हाई, तू आत जा!" आख्खी गल्ली एका सुरात म्हणली.

"अहो, पण मला एक सांगायचंय..."

"आत जा म्हणलो ना! ताण घेऊ नको!"

दानी आत गेली न्हाई. हाताची घडी घालून दारातच उभी राहिली.

मी देवखोलीतनं पाकीट आणलो अन् सोलापूरला फोन लावलो. सिस्टरनं उचलला. सगळ्यांना ऐकायचं होतं, म्हणून स्पीकर चालू केलो.

"सिस्टर, एमएसची गोळी चुकून माणसानं खाल्ली!"

"पेशंटनं?"

"शेजाऱ्यानं!"

मंग सिस्टर म्हणाल्या, "त्यांना आत्ता काय होतंय?"

"गार वाटायलंय म्हणतेत. बेंबीपर्यंत."

"गार? बरं. उलटी करायला लावू नका. जवळच्या दवाखान्यात न्या, गोळीचं पाकीट सोबत घ्या. तिथल्या डॉक्टरांना आमच्याशी बोलायला सांगा."

"नेतो! पण सिस्टर, माझ्या बायकोची आजची गोळी बुडाली हो! दुसरी देऊ का? पाकीट हातातच हाय, आत्ता फोडतो!" माझा अंगठा कप्प्यावर टेकलाच होता.

"थांबा! हात काढा आधी! त्यांनी आजची गोळी घेतलेली नाही, हे नक्की का?"

"शंभर टक्के! काशप्पा मामांच्या पोटात हाय की!"

"पेशंटला विचारलंत?"

गल्लीतल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"तिला ताण नको म्हणून मी..."

"फोन त्यांच्याकडं द्या," सिस्टर म्हणाल्या.

दानी पुढं आली. फोन घेतला अन् वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात बोलायली.

"सिस्टर, मी दानेश्वरी. आजची गोळी मी सकाळी नाश्ता झाल्यावर घेतली. कोरड्या हातानं काढली, लगेच पाण्यासंगं गिळली, नंतर हात धुतले. बाकीची औषधं दुपारी घेणार हाय. ताप न्हाई, त्रास न्हाई. वाटीत? वाटीत पेपरमिंट होतं. सासूबाईंना गोळीवर तीर्थ शिंपडायचंच होतं, अन् त्यांना न्हाई म्हणवंना. गोळी ओली करून कसं चालंल? म्हणून ती मी गिळले अन् वाटीत पेपरमिंट ठेवले."

माझ्या हातात अजून पाकीट होतं. सिस्टरनं थांबवलं नसतं तर मी हिला एका दिवसात दोन गोळ्या खाऊ घातल्या असत्या. हौसेनं, हातमोजे घालून! दानीनं हळूच माझ्या बोटांतनं पाकीट काढून घेतलं.

"मला आधी सांगायचं न्हाई व्हय?" मी कसंबसं म्हणलो.

"सकाळपासनं दुसरं काय करायले होते?"

मला एकदम रडूच आलं. ती नीट हाय, तिची गोळी तिच्या पोटात हाय, कुणाचं काही बिघडलं न्हाई, ह्याचंच रडू. पण फवारणीच्या चष्म्याला आतनं वाफ धरली अन् मला समोर काहीच दिसंना. दानीनंच तो चष्मा काढला अन् आपल्या पदरानं माझे डोळे पुसले. आख्ख्या गल्लीसमोर! शिवगंगा अक्का लाजून दुसरीकडं बघायली.

"म्हणजे मी पेपरमिंटाला ईभूती लावले?" अव्वा म्हणली.

"देवानं समजून घेतलं असंल, अव्वा," दानी म्हणली.

अव्वानं जरा इचार केला. "उद्याबी ठेव मंग. पण जास्तीचं ठेव, गल्लीला पुरलं पाहिजे."

बाजेवरनं उठायला काशप्पा मामा मात्र काही केल्या तयार होईनात. "पेपरमिंट? उगा कायबी सांगू नका. मंग माझा गुडघा मोकळा कामून वाटायलाय?" असं म्हणून ते चहा येईपर्यंत तसेच पडून राहिले.

तवापासनं गोळीचं सगळं दानीच बघती. म्हणजे खरं सांगायचं तर आधीबी सगळं तीच बघत होती. पण आख्ख्या भालकीत हे मला एकट्यालाच ठाऊक न्हव्हतं!